होम प्लेटच्या मागे उभं राहायला शिकले त्याची गोष्ट

मार्चचा शेवट होता. न्यू जर्सीत त्या दिवसांत वसंत कॅलेंडरवर आलेला असतो पण मैदानावर बोटं गारठलेलीच असतात. धाकट्याच्या लिटल लीग टीमची, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल टीमची, प्रॅक्टिस संपली आणि लीगचं काम बघणाऱ्या एक बाई पालकांमध्ये फिरत होत्या, अंपायर पाहिजेत, कोणी करेल का. कोचला मदत करायला चारजण तयार होते, खाऊच्या स्टॉलवर उभं राहायला सहा, अंपायर म्हटलं की सगळे गप्प. मी हात वर केला.

उगाच नाही केला. आदल्या सीझनला दोन मॅचना अंपायरच आले नव्हते, मग एका टीमच्या कोचनेच पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, मागे उभं राहून बॉल-स्ट्राइक दिले (बॅट फिरली नाही आणि बॉल ठरलेल्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर निर्णयही 'बॉल'). त्याने मनापासून दिले असतील, पण दुसऱ्या टीमच्या मुलांना प्रत्येक निर्णय आपल्या विरुद्धच वाटला आणि आमचा मुलगा गाडीत बसल्या बसल्या रडायला लागला, हरलो म्हणून नाही, "खरी मॅच झालीच नाही" म्हणून. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दुसरं म्हणजे माझे अण्णा. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत पीटीचे सर होते आणि तालुका-जिल्ह्याच्या खो-खो स्पर्धांना पंच म्हणून जायचे. लहानपणी त्यांच्यासोबत सकाळी सातला मैदानावर जाऊन फक्कीच्या रेषा मारलेल्या मला आठवतात. पंच या शब्दाबद्दल आमच्या घरात आदर होता, पंच आले की दोन्ही संघांची मुलं उठून उभी राहायची. इथे त्या जागेवर उभं राहायला माणूस मिळत नाही हे मला बघवेना.

बेसबॉल मला येत होता का, तर प्रेक्षक म्हणून येत होता. पाच-सहा वर्षं मुलाच्या मॅच बघून नियम कळतात असं आपल्याला वाटतं, पण कडेला खुर्ची टाकून बघितलेला खेळ आणि होम प्लेटमागून, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो त्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीमागून, दिसणारा खेळ हे दोन वेगळे खेळ आहेत.

आधी कागदपत्रं. लिटल लीगमध्ये मुलांच्या जवळ काम करणाऱ्या प्रत्येक व्हॉलंटियरला फॉर्म भरून बॅकग्राउंड चेक करून घ्यावा लागतो, मग तो कोच असो की अंपायर की बॉल गोळा करणारा. सोबत मुलांच्या सुरक्षिततेचं आणि डोक्याला मार लागला तर काय बघायचं याचं ऑनलाइन ट्रेनिंग. ते दोन संध्याकाळी झालं. पैसे वगैरे काही नाहीत बरं का. लिटल लीग १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली, आणि आजही तिथे ऑगस्टमध्ये जी वर्ल्ड सिरीज होते, जी टीव्हीवर सगळी अमेरिका बघते, तिथले अंपायरसुद्धा व्हॉलंटियरच असतात. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

मग दोन शनिवार एका शाळेच्या जिममध्ये क्लिनिक, म्हणजे अंपायरिंगचा वर्ग. शिकवायला सत्तरीतले एक सर होते, तीसेक वर्षं अंपायरिंग केलेले. आम्ही अकराजण, त्यात चौघं हायस्कूलची पोरं. मला वाटलं नियमांपासून सुरुवात करतील. त्यांनी पहिला पूर्ण तास फक्त उभं राहायला शिकवलं. कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल पकडणाऱ्याच्या, बरोब्बर मागे उभं राहायचं नाही. बॅटर आणि कॅचर यांच्यामध्ये जी फट असते तिथे, म्हणजे बॅटरच्या बाजूला, त्या जागेला स्लॉट म्हणतात. पाय खांद्यांपेक्षा रुंद, खाली बसायचं पण इतकंच की आपली हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या टोकाला यायला हवी. त्याहून खाली गेलात तर खालचा बॉल दिसत नाही. आणि एकदा बसलात की डोकं हलवायचं नाही, फक्त डोळे. बॉल पिचरच्या हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत डोळ्यांनी त्याच्यासोबत यायचं, ग्लोव्हमध्ये गेला की एक क्षण थांबायचं, आणि मग बोलायचं.

त्या थांबण्याला ते टायमिंग म्हणायचे आणि दोन शनिवारांत हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल सांगता येत नाही. आम्हाला रांगेत उभं करायचे, "सेट" म्हटलं की सगळ्यांनी खाली बसायचं, मग ते मनातल्या मनात बॉल टाकायचे आणि आम्ही थांबून ओरडायचं, "स्ट्राइक!" माझा आवाज निघेना. ऑफिसात मी वीस लोकांच्या मीटिंगा घेते, पण मोकळ्या जिममध्ये पोटातून आवाज काढून एक शब्द ओरडायचा म्हणजे काहीतरी आतलं सोडायला लागतं. पंधराव्या-विसाव्या वेळेला निघाला. सर फक्त म्हणाले, हा आवाज लक्षात ठेवा, पालकांना नाही, सेंटरफिल्डला उभ्या असलेल्या मुलाला ऐकू गेला पाहिजे.

बारीकसारीक गोष्टी मला फार आवडल्या. मास्क नेहमी डाव्या हाताने काढायचा, कारण उजवा हात सिग्नलसाठी मोकळा हवा. क्लिकर, म्हणजे बॉल-स्ट्राइक-आऊट मोजायचं ते चाकांचं छोटं यंत्र, तेही डाव्या हातात. स्ट्राइकला हात आणि आवाज दोन्ही, बॉलला फक्त आवाज. फाऊलला, म्हणजे मारलेला बॉल कडेच्या रेषांबाहेर गेला तर, दोन्ही हात वर करून ओरडायचं, पण बॉल फेअर, म्हणजे रेषांच्या आत, असेल तर तोंडातून अक्षर काढायचं नाही, फक्त मैदानाच्या आत बोट दाखवायचं, कारण गोंगाटात फेअर आणि फाऊल सारखंच ऐकू येतं. एकदा फाऊल ओरडलात की खेळ थांबला, तो परत जोडता येत नाही, म्हणून तिथेही थांबायचं. प्लेट ब्रशने झाडायची असेल तर समोर जाऊन पाठ मैदानाकडे करून वाकायचं, प्रेक्षकांकडे पाठ करून नाही. हे ऐकलं आणि मला अण्णा आठवले, मैदानात शिरताना चप्पल बाहेर काढायचे ते.

पहिली मॅच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, नऊ-दहा वर्षांच्या मुलांची. शर्टाच्या आत चेस्ट प्रोटेक्टर, पँटच्या आत शिन गार्ड, पुढे पोलादी टोपी असलेले जड बूट, कमरेला बॉलची पिशवी. दोन्ही कोच प्लेटपाशी आले, लाइनअपचे, म्हणजे खेळाडूंच्या क्रमाचे, कागद दिले, ग्राउंड रूल्स बोलून झाले, डाव्या कुंपणाखालून बॉल गेला तर दोन बेस वगैरे (बेस म्हणजे पळताना गाठायचे टप्पे, पहिला, दुसरा, तिसरा करत होमला परत आलं की रन). मग मी पिचरकडे बोट करून "प्ले!" म्हटलं.

आणि मग वॉक. एकामागे एक वॉक. चार बॉल, जा पहिल्या बेसवर. चार बॉल, जा. दोन इनिंगमध्ये दोन्ही टीम मिळून चौदा वॉक, एक तास उलटून गेलेला, राइट फिल्डचं पोरगं मातीत बोटाने चित्र काढत होतं, पिचर मुलाच्या डोळ्यांत पाणी. मी चूक काही करत नव्हते असं मला वाटत होतं, पुस्तकातला स्ट्राइक झोन डोक्यात पक्का होता, प्लेटच्या वर, काखेपासून गुडघ्यापर्यंत, आणि त्याच्या बाहेर गेलेल्या प्रत्येक बॉलला मी बॉल म्हणत होते. तिसरी इनिंग सुरू व्हायच्या आधी कुंपणाच्या पलीकडून सर आले (मला माहीतही नव्हतं ते बघताहेत) आणि म्हणाले, तुम्ही बॉल शोधताय. स्ट्राइक शोधा.

घरी येऊन मी कागद घेऊन बसले. होम प्लेट १७ इंच रुंद. बॉलचा व्यास जेमतेम ३ इंच. आणि नियम असा आहे की बॉलचा कुठलाही भाग झोनच्या कुठल्याही भागाला लागला तरी स्ट्राइक. म्हणजे बॉल प्लेटच्या कडेला नुसता घासून गेला, बाकी सगळा बाहेर असला तरी स्ट्राइकच, म्हणजे खरी रुंदी दोन्ही बाजूंना एकेक बॉल धरून २३ इंचांच्या आसपास जाते. मी १७ इंचांत मॅच चालवत होते! हे मुलांवर मेहरबानी करून झोन फुगवणं नव्हतं, नियमातच दिलेली जागा मी त्यांना देत नव्हते. दहा वर्षांचा मुलगा ४६ फुटांवरून टाकतो, त्याला ती कड मिळाली की त्याचा खांदा सैल पडतो, आणि बॅटरलाही कळतं की इथे उभं राहून वॉक मिळणार नाही, बॅट फिरवायला लागेल. पुढच्या मॅचला सहाच्या सहा इनिंग पावणेदोन तासांत झाल्या, दोन्ही टीमची मुलं पळाली, पडली, मातीने माखली. एका आईने जाताना सांगितलं की तिच्या मुलाने सीझनमध्ये पहिल्यांदा बॅटला बॉल लावला.

आपल्याकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात क्रिकेट असतं आणि ते मदतही करतं, नडतंही. नडतं कुठे तर दोन ठिकाणी. क्रिकेटच्या अंपायरला कोणी अपील केल्याशिवाय आऊट देता येत नाही. बेसबॉलमध्येही अपीलवर ठरणाऱ्या काही गोष्टी आहेत, उदाहरणार्थ कॅच व्हायच्या आधीच रनरने बेस सोडला तर, पण ज्या बॉलवर बॅट फिरली नाही त्या प्रत्येक बॉलला तुम्हाला बोलावंच लागतं. कोणी विचारो न विचारो. कॅच घेतल्यावर कॅचर शांत बसलेला असतो, पिचर बघत असतो, आणि त्या शांततेत तुम्ही काय म्हणता त्यावर पुढचं सगळं. दुसरं म्हणजे संशयाचा फायदा बॅट्समनला हे आपल्या रक्तात असतं, एलबीडब्ल्यूला शंका आली की नॉट आऊट. इथे संशयाचा फायदा कोणालाच नाही. पहिल्या बेसवर बॉल आणि रनर एकदम पोचले तर रनर सेफ, टाय गोज टू द रनर, असं इथलं शेंबडं पोर सांगतं, पण नियमपुस्तकात बेसवरच्या टायचा असा नियम नाही. प्रश्न एकच, बॉल आधी पोचला का. आणि ते नुसत्या डोळ्यांनी नाही, डोळे आणि कान दोन्ही वापरून ठरवायचं, डोळे बेसवर पडणाऱ्या पायावर आणि कान ग्लोव्हच्या फट् आवाजावर. हे जमायला लागलं त्या दिवशी मी इतकी खूश होते की आईला सांगलीला फोन करून सांगितलं, तिला काही कळलं नाही पण ती म्हणाली, तुझे अण्णा असते तर नीट विचारलं असतं.

इनफिल्ड फ्लायबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण माझी खरी परीक्षा त्या नियमाने घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: समजा पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, किंवा तिन्ही बेस भरलेत, आणि दोनपेक्षा कमी आऊट आहेत. बॅटरने बॉल उंच उडवला आणि तो आतल्या फिल्डरला सहज झेलता येण्यासारखा आहे. रनर बिचारे बेसवर थांबणार, कारण कॅच झाली आणि ते पुढे गेलेले असले तर अडकतील. आता लबाड फिल्डर काय करेल, मुद्दाम बॉल पाडेल. कॅच झालीच नाही म्हटल्यावर मागून बॅटर पहिल्या बेसवर येणार, म्हणून सगळ्या रनरना पुढे पळणं भाग, त्यांच्या आधी बॉल पुढच्या बेसवर पोचला की ते आऊट, आणि ते तर थांबलेले, म्हणजे फुकटात दोन आऊट. हे होऊ नये म्हणून अंपायरने बॉल हवेत असतानाच ओरडायचं, इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट. कॅच झाली न झाली, बॅटर आऊट. मग रनरवर पळायची सक्ती राहत नाही. फार विचार करून केलेला नियम आहे, रनरला लबाडीपासून वाचवणारा.

मे महिन्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलांची मॅच, तिन्ही बेस भरलेले, एक आऊट. बॉल सरळ वर गेला, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर, खाली येऊन उभा राहिला, मी हात वर करून पोटातून ओरडले. आणि त्या मुलाच्या हातून बॉल खरंच पडला. मग जे झालं ते साताठ सेकंदांत झालं. तिसऱ्या बेसवरचा मुलगा घाबरून होमकडे पळत सुटला, शॉर्टस्टॉपने बॉल उचलून कॅचरकडे फेकला, कॅचरने प्लेटवर पाय ठेवून बॉल पकडला, रनरला टॅग केलाच नाही, म्हणजे बॉल धरलेला ग्लोव्ह त्याच्या अंगाला लावलाच नाही, आणि फिल्डिंग टीमची सगळी मुलं आनंदाने उड्या मारायला लागली, डबल प्ले म्हणजे एकदम दोन आऊट म्हणून. मी सेफ दिला. कारण बॅटर आधीच आऊट झालाय, त्यामुळे मागून ढकलणारं कोणी नाही, सक्ती गेली, म्हणजे नुसता प्लेटवर पाय ठेवून चालणार नाही, अंगाला टॅग पाहिजे होता. आणि इनफिल्ड फ्लाय दिली म्हणून खेळ थांबलेला नसतो, बॉल जिवंत असतो, रनर स्वतःच्या जोखमीवर पळू शकतो. रन मोजला.

दोन्ही बाजूंचे पालक उभे राहिले. बॅटिंगवाले ओरडतात बॅटर आऊट कसा, बॉल तर पडला. फिल्डिंगवाले ओरडतात रनर सेफ कसा. फिल्डिंग टीमचा कोच टाइम मागून आला, चेहरा लालबुंद. मी मास्क काढला, डाव्या हाताने, आणि त्याला बोलू दिलं. सरांनी हेच शिकवलं होतं, आधी त्याचं पूर्ण ऐका, तो थांबला की हळू आवाजात बोला, तुमचा आवाज खाली आला की त्याचाही येतो. मग मी क्रमाने सांगितलं, बॅटर आऊट, म्हणून सक्ती नाही, म्हणून टॅग हवा, टॅग नाही, म्हणून सेफ. तो क्षणभर जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, यू आर राइट, आणि परत जाऊन त्याने आपल्या मुलांना जवळ बोलावून तेच समजावून सांगितलं. मला तो कोच अजून आवडतो.

आता माझी चूक.

त्याच सीझनचा जून, मेजर डिव्हिजन म्हणजे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा गट, सहावी म्हणजे शेवटची इनिंग, बरोबरी, दोन आऊट, दुसऱ्या बेसवर रनर. बॅटरने सेंटरला बॉल मारला, रनर तिसऱ्या बेसला वळसा घालून होमकडे निघाला, सेंटरफिल्डरचा थ्रो एकदम सरळ आला. कॅचरने पकडला, वळला, टॅग केला, धूळ. मी मूठ वर करून जोरात आऊट दिला. फिल्डिंग टीम नाचत डगआऊटकडे निघाली, सातव्या इनिंगला जायचं म्हणून. आणि तेवढ्यात बॅटिंग टीमचा कोच शांतपणे टाइम म्हणत माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुमच्या पार्टनरला, म्हणजे दुसऱ्या अंपायरला, एकदा विचाराल का, बॉल सुटला असं आम्हाला वाटतं.

मी कॅचरच्या पाठीमागे उभी होते. टॅग आणि रनरचं अंग यांच्यामधली जागा मला दिसेल अशा ठिकाणी मी सरकायला हवं होतं, तीन पावलं बाजूला, बस. जवळ असण्यापेक्षा कोन महत्त्वाचा, हे क्लिनिकमध्ये लिहून घेतलेलं होतं. आणि वर मी थांबलेही नाही. टॅग दिसला, मूठ वर गेली, बॉल दाखव म्हणून मी कॅचरला म्हटलंच नाही.

नियम असा आहे की एका अंपायरचा निर्णय दुसरा अंपायर आपणहून बदलू शकत नाही, ज्याने निर्णय दिला त्याने विचारलं तरच बोलायचं. म्हणजे मी विचारलं नसतं तर माझा आऊट कायम राहिला असता आणि कोणी काही करू शकलं नसतं. मी पार्टनरला बाजूला घेतलं, तो सतरा वर्षांचा हायस्कूलचा मुलगा, क्लिनिकला माझ्यासोबतच होता. मी विचारलं तू काय बघितलंस. तो म्हणाला, टॅगच्या वेळी बॉल ग्लोव्हमधून निघाला, कॅचरने दुसऱ्या हाताने जमिनीवरून उचलला. मी विचारलं, खात्री? म्हणाला, हो, शंभर टक्के.

मी प्लेटकडे परत चालत आले ते अंतर पंधरा पावलं असेल. सेफ दिला, रन झाला, मॅच संपली. फिल्डिंग टीमच्या मुलांचे चेहरे माझ्या समोर होते, मघाशी नाचलेले. त्यांचा कोच खूप बोलला, त्यातलं इथे लिहिण्यासारखं नाही, मी ऐकून घेतलं कारण अर्धं त्याचं बरोबर होतं, पहिला निर्णय बरोबर दिला असता तर त्याच्या मुलांना नाचून झाल्यावर हा धक्का बसला नसता. पण मला खरा त्रास कॅचरचा झाला. तो बारा वर्षांचा मुलगा प्लेटवर तसाच गुडघ्यावर बसून होता. त्याला माहीत होतं बॉल सुटलाय. माझ्या घाईने त्याला आधी एक खोटं घेऊन उभं राहायला लावलं, आणि मग ते सगळ्यांसमोर उघडं केलं.

त्या रात्री झोप लागली नाही. नवऱ्याने २०१० ची एक गोष्ट काढली, त्याला बेसबॉलचं वेड. २ जून २०१०, डेट्रॉइट, अर्मांडो गॅलरागा नावाचा पिचर परफेक्ट गेमच्या, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचलेल्या मॅचच्या, उंबरठ्यावर होता, सव्वीस बॅटर ओळीने आऊट, सत्ताविसावा पहिल्या बेसवर स्पष्ट आऊट होता आणि अंपायर जिम जॉइस यांनी सेफ दिला. तेव्हा असा निर्णय व्हिडिओ बघून बदलता येत नव्हता, तो रिप्ले २०१४ पासून आला. जॉइसनी मॅचनंतर व्हिडिओ बघितला, आपण चुकलो हे सरळ सांगितलं, गॅलरागाला भेटून रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तेच अंपायर होम प्लेटवर उभे होते आणि लाइनअपचा कागद घेऊन त्यांच्याकडे आला तो गॅलरागा. जॉइस डोळे पुसत होते. मी तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. जगातल्या उत्तम अंपायरकडून असं होऊ शकतं म्हणून मला हलकं वाटलं असं नाही, पण चुकल्यावर दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी उभं राहायचं असतं हे दिसलं.

पुढच्या शनिवारी मी त्या कॅचरच्या टीमच्या प्रॅक्टिसला गेले, कोचला विचारून त्याच्याशी दोन मिनिटं बोलले. सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती, मी थांबले नाही, तुझा टॅग चांगला होता, थ्रो छान पकडलास. त्याने मान हलवली, एवढंच.

पालकांच्या ओरडण्याबद्दल सगळे विचारतात. ओरडतात, हो. ग्लासेस आण, मॅच बघतेस का झोपलीस, असलं. माझ्या उच्चारावरून एकदा एक गृहस्थ बोलले, तेव्हा त्यांच्याच टीमच्या कोचने त्यांना पार्किंगमध्ये नेऊन बसवलं. मला राग येतो तो माझ्यासाठी कमी आणि पंधरा-सोळा वर्षांच्या अंपायर पोरांसाठी जास्त. ही पोरं शनिवारी सकाळी उठून लहान मुलांसाठी उभी राहतात आणि मोठी माणसं त्यांच्यावर तोंड टाकतात, मग पुढच्या वर्षी ती येत नाहीत. न्यू जर्सीतल्याच डेप्टफर्ड गावच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियम केला की जो पालक अंपायरला शिवीगाळ करेल त्याने तीन मॅच अंपायरिंग करायचं, तोवर मैदानात यायचं नाही. मला हा नियम शंभर टक्के पटतो. एक इनिंग त्या मास्कमागून बघितलं की पुरतं. ताशी ५० मैलांनी टाकलेला बॉल ४६ फूट यायला साधारण सहा दशांश सेकंद घेतो, त्यात तो शेवटी खाली पडतो, कॅचर ग्लोव्ह ओढतो, बॅटर अर्धी बॅट फिरवतो, ऊन डोळ्यावर.

अंपायरच्या कामात आणखी पुष्कळ असतं जे बाहेरून दिसत नाही. पिचर किती बॉल टाकतो त्यावर लक्ष, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ ची मर्यादा आहे आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस विश्रांती, मोजतो स्कोअरर पण दोन्ही वह्यांचा आकडा जुळला नाही की भांडण आपल्याकडे येतं. ढग गडगडले की लगेच सगळ्यांना गाड्यांत पाठवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, स्कोअर काहीही असो, कोच कितीही म्हणोत की पाच मिनिटांत संपेल. इथे मी कोणाचं ऐकत नाही.

२०२५ च्या ९ ऑगस्टला जेन पावोल अटलांटात पहिल्या बेसवर उभ्या राहिल्या, मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या, सीझनमध्ये अंपायरिंग करणारी पहिली बाई, आणि त्या आमच्या न्यू जर्सीच्या. दुसऱ्या दिवशी त्या होम प्लेटमागे होत्या. माझी मोठी मुलगी चौदाची, बेसबॉलशी तिचं काही देणंघेणं नाही, पण ती सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि पूर्ण बघितलं. जानेवारीत तिने क्लिनिकला नाव दिलं. आता रविवारची मराठी शाळा आणि मॅच यांची वेळ जुळवताना घरात रोज चर्चा असते. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या मॅचपासून सुरुवात केली तिने, परवा मी कुंपणाबाहेरून बघत होते, तिचा आवाज सेंटरफिल्डपर्यंत जात होता.

माझा हा तिसरा सीझन. तो कॅचर आता तेरा-चौदाचा, मोठ्या मैदानावर खेळतो, ९० फुटांचे बेस, ६० फूट ६ इंचांवरून येणारा बॉल. मी यंदा त्या गटाच्या मॅच घ्यायला लागले. मागच्या आठवड्यात मी प्लेटमागे गेले तर समोर तोच बसलेला, उंची चांगली हातभर वाढलेली. त्याने मागे वळून बघितलं, हाय ब्लू म्हणाला, इथे सगळ्या अंपायरना ब्लू म्हणतात, शर्टाच्या रंगावरून. तिसऱ्या इनिंगमध्ये एक बॉल खालून आला, त्याने अलगद पकडला आणि ग्लोव्ह तिथेच धरून ठेवला. मी थांबले. बॉल म्हटलं.

"लो?" त्याने पिचरकडे बघतच हळूच विचारलं.

"एक बॉलभर."

त्याने पिचरला हाताने थोडं वर अशी खूण केली आणि परत खाली बसला.